दर निवडणुकीला विजापूर

माझे धाकटे दीर मच्छिंद्रभावजी यांनी जगात एकच शहर पाहिलं आहे आणि ते पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आग्रा नाही, म्हैसूर नाही, विजापूर. पुणं त्यांनी पाहिलं असं मी धरत नाही. पहाटे झेंडूची क्रेटं टेम्पोत घालून गुलटेकडीच्या बाजारात जायचं, आडत्याशी हुज्जत घालायची आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं, याला शहर पाहणं म्हणत नाहीत.

विजापूर मीही पाहिलेलं आहे. शिरूरच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होते तेव्हा दुसऱ्या वर्षाची सहल तिकडे गेली होती. गोलघुमट, मुलुख मैदान तोफ, इब्राहिम रोजा, सगळं एका दिवसात झालं. सरांनी मापं सांगितली, आम्ही लिहून घेतली, माहेरी, वडगाव रासाईला परत आल्यावर आईला दोन वाक्यांत सांगितलं आणि विषय संपला. मेलेल्या बादशहाची कबर माणसानं किती वेळा बघायची असते? माझ्या मते एकदा पुरे. भावजींनी आठ-दहा वेळा तरी पाहिली असेल, आणि त्यांना अजून ती कुणाची आहे हे धड सांगता येत नाही.

त्यांना हे वेड कसं लागलं ते सांगायचं तर आमच्या गावची सोसायटी मध्ये आणावी लागेल. दौंड तालुक्यात खुटबावच्या बाजूला आमचं गाव. नाव लिहीत नाही, उद्या कुणीतरी दारात येऊन उभं राहायला नको. गावच्या विकास सोसायटीचे तेरा संचालक. त्यातले सात एका बाजूचे, सहा दुसऱ्या बाजूचे. सातजणांचे पुढारी सोपानराव, गाव त्यांना आप्पा म्हणतं. पाच वर्षांत सातांपैकी पाचजणांना एकेक वर्ष चेअरमन करायचं, वर्ष झालं की त्यानं राजीनामा द्यायचा, असं ठरलेलं. म्हणजे दरवर्षी निवड, आणि दरवर्षी एक माणूस फुटण्याची भीती. म्हणून निवडीच्या आधी सातहीजणांना दोन गाड्यांत भरून गावाबाहेर न्यायचं. याला सहल म्हणतात. फोन काढून पिशवीत टाकायचे, पिशवी आप्पांच्या पुतण्याजवळ, सम्राटजवळ. निवडीच्या दिवशी गाड्या थेट सोसायटीच्या दारात. मध्ये घर नाही, बायको नाही, विरोधकाचा निरोप नाही. शेळ्यामेंढ्यासुद्धा यापेक्षा मोकळ्या फिरतात. पण आमच्याकडे सहलीला जाऊन आलेला माणूस नवरदेवासारखा गाडीतून उतरतो.

लोक गोव्याला नेतात, महाबळेश्वरला नेतात. आप्पांनी विजापूर निवडलं कारण तिथल्या एका लॉजवाल्याशी त्यांची जुनी ओळख, खोल्या निम्म्या भाड्यात. भांडगावला हायवेला लागलं की सरळ सोलापूर आणि पुढं तासा-दोन तासात विजापूर. आमचे संचालक त्या लॉजच्या खोलीत पत्ते खेळायचे, मटण खायचे आणि झोपायचे. बाहेर चारशे वर्षांचं शहर उभं आहे याचं त्यांना काही नाही. भावजी पत्ते खेळत नाहीत, कारण खेळता येत नाहीत. पीत नाहीत, कारण पोटाला सोसत नाही. पहिल्या सहलीला ते कंटाळून सम्राटला म्हणाले, "पाय मोकळे करून येतो." सम्राटनं विचार केला असेल की या माणसाला फोडून कोण काय करणार. सोडलं. ते चालत चालत गोलघुमटात पोचले आणि तिथून संध्याकाळी शिट्टी वाजवून बाहेर काढेपर्यंत आले नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात विजापूर सुरू झालं. जेवायला बसलं की विजापूर, मोटर जळाली की विजापूर.

"वहिनी, त्या घुमटात एकदा टाळी वाजवली की सात येळा परत येती."

"ठाऊक आहे. मी गेलेय."

"आन् भिंतीला तोंड लावून हळू बोललं तर पलीकडच्याला कानात बोलल्यागत ऐकू येतं. अल्ली आदिलशानं केलेलं हाय ते."

"अली नव्हे, महंमद आदिलशहा. अलीची ती बारा कमान. अर्धवट राहिली ती."

"तेच की. दोघं एकाच घरातले." पुढच्या वेळी पुन्हा अल्ली.

मी एकदा स्पष्टच विचारलं, "भावजी, तेच ते बघायला परत परत कशाला जाता? तिथं नवीन काय होतं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून विचार केला. "नवीन काय न्हाई हुत. गेल्या येळला हुतं तसंच हाय का, ते बघून येतो."

म्हणजे यांची समजूत अशी की हे गेले नाहीत तर तो घुमट कुणी उचलून नेईल. आपल्या विहिरीवरची केबल दोन वेळा चोरीला गेली, तिकडे बघायला कोणी नाही, आणि हे कर्नाटक सरकारची इमारत जागेवर आहे का ते बघून येतात.

पुढं पुढं सहल नसली तरी जायला लागले. दौंडला रेल्वेत बसायचं, सोलापूरला उतरायचं, कर्नाटकची लाल एसटी पकडायची. एक मुक्काम, एखादं शेंगाचटणीचं पाकीट, परत. शेवंतीची तोडणी ऐन भरात असताना शितल, म्हणजे माझी जाऊ, चार बायका घेऊन वाकलेली, आणि नवरा बादशहाच्या पायाशी. शितलला मी म्हटलं, "तू कशी सोडतेस?" ती म्हणाली, "जाऊ द्या ताई. दुसऱ्यांचे कुठं कुठं जात्यात. ह्ये निदान कबरीकडं जात्यात." शितलच्या बोलण्याला मी हसले खरी, पण मला काही तिचं पटलं नाही. आमच्या यांनी, म्हणजे ज्ञानेशनी, असं केलं असतं तर मी स्टेशनवर जाऊन उभी राहिले असते.

मला या सगळ्याशी काही देणंघेणं नसतं, जर माझ्या मुलीचा प्रश्न त्यात अडकला नसता.

राजनंदिनी आमची एकुलती एक. बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि भांडगावजवळच्या एका कंपनीत स्टोअरला लागली. नोकरी बरी आहे, पण पाळ्या फिरत्या. दुसरी पाळी असली की रात्री अकराला सुटते आणि स्कूटरवर हायवे ओलांडून घरी येते. तो हायवे ज्यानं पाहिला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत बिनदिव्याचे चाललेले असतात, कंटेनर थांबायला तयार नसतात, आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना तर हैदराबाद शेजारच्या शेतात असल्यासारखी घाई. गेल्या वर्षी तिच्याच खात्यातला एक मुलगा हायवेच्या वळणावर अपघातात गेला. त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नाही. ती घरात येऊन हेल्मेट खुंटीला लावते तोवर मी एक घास गिळू शकत नाही.

आणि सोसायटीत क्लार्कची जागा रिकामी झाली होती. सकाळी दहा ते पाच. घरापासून चालत जाता येईल. नेमणूक चेअरमनच्या सहीनं होणार होती, आणि या वर्षी चेअरमनकीची पाळी मच्छिंद्रभावजींची होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःहून चहा नेऊन दिला. म्हटलं, "भावजी, राजीचं तेवढं बघा. मी दुसरं काही मागत नाही."

"बघायचं काय त्यात? आपलीच पोर. खुर्चीत बसलो की पयली सही तिचीच." आप्पांनीही मान डोलावलेली होती. मला वाटलं, चला, या माणसाचा एवढ्या वर्षांत एक तरी उपयोग झाला.

या वेळी बाकीच्यांना विजापूर नको होतं. म्हाळू नावाचे एक संचालक आहेत, त्यांना समुद्र बघायचा होता. पण होणारा चेअरमन अडून बसला. "माझी पाळी, माझी जागा," म्हणाले. शेवटी पुन्हा तेच लॉज, तीच फोनची पिशवी.

पुढं काय घडलं ते मला दोघांकडून कळलं, थोडं सम्राटकडून आणि उरलेलं खुद्द भावजींकडून. दोघांचं सांगणं जुळतं, म्हणून लिहिते.

निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी भावजींनी आप्पांना धरलं. "आप्पा, इतक्या वर्सात तुम्ही एकदाबी वर चढला न्हाई. आज चलायचं. सकाळी गर्दी नसती. शाळेच्या पोरांच्या गाड्या आल्या की मग निस्ता वरडा." आप्पांना होणाऱ्या चेअरमनचं मन मोडायचं नव्हतं. ते निघाले, सोबत सम्राट. आप्पांचं वजन आणि त्या अरुंद दगडी पायऱ्या. दर वळणावर ते थांबून म्हणायचे, "मच्छिंद्रा, मला मारून कुणाला चेअरमन करायचं ठरलंय तुझं?" भावजी पुढून हात द्यायचे. शेवटी घुमटाच्या आतल्या गोल सज्जात पोचले. कोणी नव्हतं. भावजींनी आप्पांना आणि सम्राटला भिंतीपाशी बसवलं. "हितंच बसा, भिंतीला कान ठिवा. मी पार पलीकडं जातो आन् हळू बोलतो, बघा कसं ऐकू येतं ते." आणि हे सज्जातून फिरून समोरच्या बाजूला निघाले.

आता आप्पा हुशार माणूस. तालुक्यात त्यांच्या डोक्याची चर्चा असते. पण भिंत जशी तिकडून इकडे बोलते तशी इकडून तिकडेही बोलते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. ज्या घुमटाच्या सावलीत इतकी वर्षं माणसं लपवली, तो कसला आहे हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मच्छिंद्र लांब गेला, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यांनी घाम पुसत पुतण्याला सांगितलं, अगदी हळू आवाजात, की या येड्याला वर्षभर काय खुर्चीत ठेवायचं नाही. दसरा झाला की राजीनामा. सही आधीच घेऊन ठेवलेली आहे. आणि क्लार्कची जागा म्हाळूच्या सुनेला, तसा शब्द गेलेला आहे. त्यानं त्याच्या पुतणीचं काय विचारलं तर म्हणायचं, पुढं बघू.

भावजी पलीकडे भिंतीशी बसत होते. त्यांच्या कानात ते सगळं पडलं. म्हणाले, "वहिनी, माझ्या मांडीवर बसून बोलल्यागत."

मी विचारलं, "मग तुम्ही काय बोललात?"

"मी काय बोलणार. माझं ठरलेलं हुतं तेच बोललो. म्हणलं, आप्पा, ऐकू येतंय का?"

"आणि ते?"

"खूश झालं की. म्हणलं, येतंय की लेका, एकदम कानात."

"आणि तुम्हालाही आलं, हे सांगितलं नाहीत?"

"त्येंनी इचारलं न्हाई."

हे ऐकून मला रडावं की त्यांच्या डोक्यात तांब्या घालावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्या निघायच्या वेळी भावजी खोलीत नव्हते. फोन पिशवीत, म्हणजे लावायची सोय नाही. आपल्याच युक्तीत अडकलेला पुढारी कसा दिसतो हे बघायला मला आवडलं असतं. सम्राटनं गोलघुमटाभोवती चार चकरा मारल्या. भावजींच्या तोंडात कायम गोलघुमट, त्यामुळे त्या शहरात दुसरी जागा असते हे आप्पांना आणि सम्राटला माहीतच नव्हतं. शेवटी सहाजणांना घेऊन गाड्या सुसाट आल्या. सभेत सहा विरुद्ध सहा. चिठ्ठी टाकली. बालवाडीतल्या एका पोराकडून उचलून घेतली, आणि ती विरोधी बाजूची निघाली.

भावजी दोन दिवसांनी लाल एसटी आणि रेल्वे करत आले. हातात चटणीचं पाकीट. आप्पांची माणसं आधीच ओट्यावर येऊन काय काय बोलून गेली होती. शितलनं दार लावून घेतलं होतं. मी मात्र अंगणातच गाठलं.

"कुठं होतात?"

"बारा कमानीत."

"काय करत होतात?"

"बसलो हुतो."

"दिवसभर?"

"व्हय. तिथं हिरवळ हाय. बरं वाटतं."

"भावजी, माझ्या पोरीचा तरी विचार करायचा."

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, घुमटातलं. शेवटी म्हणाले, "मी खुर्चीत बसलो असतो तर म्हाळूच्या सुनेच्या कागदावर सही मीच केली असती. राजीच्या न्हाई. मग तुमच्यापुढं कसा आलो असतो?"

"अहो, मग विरोधकांकडं जायचं. एक मत हातात होतं तुमच्या. त्यांना म्हणायचं, मत देतो, नोकरी द्या. विकायचं तर नीट विकायचं माणसानं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुठलीतरी पाचवी दिशा दाखवली. "ते सुचलं न्हाई," म्हणाले.

सुचणार कुठून? त्या हिरवळीवर बसून माणसाला काय सुचणार? ज्या आदिलशहानं ती इमारत सुरू केली त्यालाही पुढं काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून अर्ध्या कमानी उघड्या पडल्या आहेत. आणि आमचे हे त्याच कमानीत जाऊन बसतात, मत देण्याच्या दिवशी. लोक म्हणतात मच्छिंद्रनं आप्पांना धडा शिकवला. काही नाही. धडा शिकवायला तो आधी स्वतःला यावा लागतो. हा माणूस रुसून बसला, एवढंच. घरी रुसला असता तर शितलनं दोन शब्द बोलून उठवला असता. विजापुरात उठवायला कोणी नव्हतं.

क्लार्कची जागा नव्या चेअरमननं त्याच्या मेव्हण्याला दिली. राजनंदिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती नखांचा रंग खरवडत बसली होती. म्हणाली, "बरं झालं. त्या खोलीत बसून मी काय केलं असतं? खताच्या पावत्या?"

"हायवेवरून तरी यावं लागलं नसतं."

"आई, हायवे मला नवीन नाही." आणि थोड्या वेळानं, "काका खरंच काही बोलले नाहीत? नुसतं ऐकू येतंय का, एवढंच?"

"एवढंच."

ती हसायला लागली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, अजूनही दिसत नाही. पण तिनं काकांच्या ओट्यावर जायला सुरुवात केली. आता त्या ओट्यावर दुसरं कोणी येत नाही. संचालकपद गेल्यात जमा, आप्पांनी बोलणं टाकलेलं, झेंडूचा टेम्पोसुद्धा दुसऱ्याकडून सांगावा लागतो. हे सगळं झालं तरी भावजींच्या तोंडात विजापूरच. मला वाटलं होतं, ज्या जागेत आपली अशी शोभा झाली ती जागा माणूस टाकून देईल. नाही. जरा गारवा पडल्यावर त्यांनी पिशवी भरली, आणि या वेळी पोरगीही रजा टाकून त्यांच्याबरोबर निघाली. ज्ञानेश म्हणाले जाऊ दे. मी दोन अटी घातल्या. गाडीनं जायचं नाही, रेल्वेनंच, आणि रविवारी दिवसाउजेडी परत.

आज रविवार. संध्याकाळी तिचा फोन आला, विजापुरातूनच.

"आई, तू कॉलेजातून आली होतीस तेव्हा वर चढली होतीस ना?"

"चढले होते. तू अजून तिथंच कशी?"

"तुला ऐकू आलं होतं का पलीकडचं?"

"शंभरेक पोरं ओरडत होतो आम्ही. काय ऐकू येणार."

"तेच. आमचंही तसंच झालं. दोन शाळांच्या सहली. काका म्हणाले, आज काही खरं नाही, पहाटे यावं लागतं. म्हणून उद्या दार उघडल्या उघडल्या परत वर जाणार. मग दुपारची एसटी, रात्री दौंडला."

"एकदा पाहिलंस ना? झालं की."

"पाहिलं गं. ऐकलं नाही ना."

मी रजेचं विचारलं. तिनं ती आधीच वाढवून घेतली होती. म्हणजे मला विचारायला नाही, सांगायला फोन होता. मागं भावजी कुणाला तरी सांगत होते की हे अल्ली आदिलशानं केलेलं हाय. आणि ती, टॅली शिकलेली, इतिहासाच्या पदवीधर बाईची मुलगी, त्यांना एका शब्दानं दुरुस्त करत नव्हती.

मी म्हटलं, दौंडला उतरल्यावर अंधारात कुणाच्या मोटरसायकलवर यायचं नाही, स्टेशनवरून रिक्षा करायची, आणि हायवेच्या बाजूनं न येता गावातल्या रस्त्यानं यायचं. ती हो म्हणाली. काकांना देऊ का म्हणाली. मी नको म्हटलं.